जावयाची फेरी

पुठ्ठ्याच्या कारखान्यात ते चार पायांचं यंत्र आलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं नाडीताईनं. नावं ठेवण्याचं काम मात्र पुढे त्या यंत्रानंच केलं, आणि तेही सगळ्या कारखान्याला.

यंत्र वासराएवढं. डोक्याच्या जागी एक कॅमेरा, पाठीवर दुसरा, तो म्हणे उष्णता बघणारा, आणि छातीशी जाळीदार कान. ते येणार म्हणून स्टोअरमागची अडगळीची खोली रिकामी झाली, तिला रंग लागला, चार्जिंगसाठी नवा बोर्ड बसला, आणि ते तापू नये म्हणून फिटर लोकांच्या खोलीतला पंखा काढून तिथं टांगला गेला. पंखा गेल्यावर फिटरदादाचं तोंड उतरलं. तेव्हा नाडीताई खांद्यावरची ग्रीसगन खाली ठेवत म्हणाली, "स्वतंत्र खोली, डोक्यावर पंखा, यायच्या आधी झाडलोट. कामाला हात लावायचा नाही, नुसतं घरभर हिंडायचं आणि कुठं काय बिघडलंय ते सांगायचं. अरे, हे मशीन कुठलं, हा तर जावई."

संध्याकाळपर्यंत फाटकावरचा पहारेकरीसुद्धा "जावई जागे आहेत का" असं विचारायला लागला होता.

जावयाबरोबर एक इंजिनियर मुलगी आली होती. आखूड केस, पाठीला सॅक, चालताना शीळ घालायची सवय. जावयाला घेऊन आली म्हणजे ती विहीणबाई झाली, हे ओघानंच आलं. लग्न व्हायच्या आधीच विहीण झालेली ती बहुधा पहिलीच मुलगी असावी. तिला हे फिटरदादानं गंभीर चेहऱ्यानं समजावून सांगितलं. ती जरा विचार करून म्हणाली, "मग माझा मानपान कुठंय?" त्या दिवसापासून तिचा चहा कपबशीतून यायला लागला. बाकीचे सगळे पेल्यातून पीत.

नाडीताईचं हे नाव तिच्या हातावरून पडलेलं. कारखान्यात ती आली होती रद्दी निवडायला. एका जागी उभं राहून कागद वेगळे, चिंध्या वेगळ्या, तारा वेगळ्या. महिन्याभरात तिला वेड लागायची पाळी आली. कामाचा कंटाळा नव्हता तिला, एकाच जागेचा होता. तेवढ्यात वंगण घालणारा म्हातारा निवृत्त झाला आणि ते काळं-चिकट काम घ्यायला कुणी तयार होईना. ही म्हणाली, मी घेते. तेव्हापासून लगद्याच्या टाकीपासून सुरुवात करून पंप, मग ते वाफेवर तापणारे सुकवणीचे मोठे रूळ, मग जिन्यानं वर छताजवळचे पंखे, अशी तिची फेरी चालायची. प्रत्येक बेअरिंगच्या लोखंडी घरावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, तापलंय का, थरथरतंय का बघायचं, आणि ग्रीसगनचा दांडा दाबायचा. डॉक्टर नाडी बघतो तसं. म्हणून नाडीताई.

हात ठेवला की तिला काहीतरी कळायचं. पण काय कळलं ते तिलाही सांगता यायचं नाही, आणि हीच तिची खरी ठसठस होती. बेअरिंग बंद घरात फिरतं. आत गोळ्या कशा पळतात, ग्रीस कुठवर जातं, दुखणं कुठून सुरू होतं, काही दिसत नाही. मशीन बंद पडून ते उघडलं की मगच दर्शन. "आपलं नशीब असं," ती म्हणायची, "ओळख आयुष्यभराची, आणि तोंड बघायला मिळतं ते मेल्यावर." लहानपणी तिनं घरातलं घड्याळ उघडून बघितलं होतं आणि गालफाड सुजवून घेतलं होतं. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, "हिच्या हातात बंद डबा देऊ नका. आत काय आहे ते सांगितलं, तरी ही आधी हलवून बघणार, मग उघडून बघणार, आणि मग विचारणार, खाली अजून काही आहे का."

असल्या बाईला जावयाचं कौतुक वाटणारच. ती पहिल्या दिवसापासून त्याच्या मागं मागं. त्याला जिना कसा कळतो, ओल्या फरशीवर तो घसरत का नाही, अंधारात तो काय बघतो. विहीणबाईही उत्तरं द्यायची. तिनं सांगितलं की मशीन मोडल्यावर सांगणं हे काही याचं काम नाही, ते कुणीही सांगेल. मोडायच्या कितीतरी आधी, आतली खोड सुरू होते तेव्हाच हा सांगतो.

"ते कसं?"

"माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज याला ऐकू येतो. आधी तो प्रत्येक मशीनचा चांगला आवाज ऐकून ठेवतो. मग रोज फेरी मारतो. आवाज बदलला की म्हणतो, इथं बघा."

"म्हणजे चांगलं काय ते आधी आपण दाखवायचं."

"अगदी बरोबर."

अडचण एवढीच होती की जावयाची फेरी म्हणजे नाडीताईचीच फेरी. मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून प्रेमानंच सांगितलं, "चाचणी पास झाली की फेरी याच्याकडे. तुम्ही पॅकिंगला जा. बसून काम, वर पंखा. गुडघे दुखत असतील आता." साहेबांना वाटलं आपण बक्षीस देतोय. नाडीताईला पॅकिंगचं लांब टेबल डोळ्यांपुढं दिसलं. लेबल उचला, चिकटवा, लेबल उचला, चिकटवा. गुडघे तिचे दुखत नव्हते. आता मात्र दुखल्यासारखे झाले. तिनं मान हलवली आणि बाहेर आली. जावई नापास झाला तर बरं, असं तिला वाटलं, आणि तो नापास झाला तर त्याच्या कानाला काय ऐकू येतं ते आपल्याला कधीच कळणार नाही, असंही त्याच दमात वाटलं. दोन्ही एकदम वाटणं काही बरं नव्हे, म्हणून ती ग्रीस भरायला गेली.

शिकण्याचे आठवडे सुरू झाले तेव्हा विहीणबाईनं सगळ्यांना गोळा करून बजावलं, "तो नुसता शिकणार आहे. तुम्ही रोजच्यासारखं काम करा. वेगळं काही करायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दारात पाहुणा आहे म्हटल्यावर जे कुणीही करेल तेच सगळ्यांनी केलं. फरश्या घासल्या गेल्या. वर्षानुवर्षं खडखडणारी झाकणं फिटरदादानं आवळली. मशीन चालवणारा ऑपरेटर वेग थोडा कमी ठेवायचा, उगाच हादरे नकोत म्हणून. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नाडीताईनं तर प्रत्येक बेअरिंगला रोजच्यापेक्षा पोटभर ग्रीस पाजलं. आपल्या फेरीत जावयाला बोट ठेवायला जागा सापडली, असं व्हायला नको. त्यात ना साहेबांचा विचार होता, ना पॅकिंगचा. ती नुसती घरंदाज सवय होती.

शिकणं संपलं. जावयाची खरी फेरी सुरू झाली. तोवर पाहुणचाराचा उत्साहही संपला होता. झाकणं परत ढिली झाली, वेग परत वाढला, ग्रीस परत मोजकं झालं. आणि जावयानं विहीणबाईच्या लॅपटॉपच्या पडद्यावर लाल ठिपके मांडायला सुरुवात केली. पंप लाल, पंखे लाल, रूळ लाल. आठवडाभरात अर्धा कारखाना आजारी पडला. साहेबांनी फिटरदादाला दोन पंप उघडायला लावले. दोन्ही ठणठणीत निघाले.

"जावई रुसलाय," फिटरदादा हात पुसत म्हणाला. "मागच्या जन्मी कुणाचा तरी थोरला जावई असणार."

दुसऱ्यांदा उत्पादन थांबल्यावर साहेबांचा सूर बदलला. महिनाअखेर हे असंच राहिलं तर याला खोक्यात घाला, म्हणाले. विहीणबाईची शीळ बंद झाली. ती जेवणाच्या सुट्टीतही लॅपटॉप मांडीवर घेऊन पंपाशेजारी बसायची. नाडीताई तिच्याजवळ जाऊन टेकली.

"त्याला ऐकू काय येतं, ते मला ऐकता येईल का हो?"

विहीणबाईनं सॅकमधून एक हातात धरायचं यंत्र आणि हेडफोन काढले. "जावयाचाच कान आहे हा. बारीक आवाज आपल्याला ऐकू येईल असा जाड करून देतो."

नाडीताईनं हेडफोन चढवला आणि कारखान्याची घरघर एकदम लांब गेली. मग पंपाच्या आतला आवाज आला. खडीवरून कुणी भराभर चालत जावं तसा, मध्येच चरचर, मध्येच टिचकी. ती तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. विहीणबाईनं खुणेनं सांगितलं, ग्रीस घाला, हळूहळू. तिनं दांडा दाबला. खडी बारीक झाली. पुन्हा दाबला. वाळू झाली. अजून एकदा, आणि नळ बंद करत आणावा तसा आवाज खाली खाली जात नुसता एक मऊ श्वास उरला.

इतकी वर्षं ती अंदाजानं दांडा दाबत आली होती. बास कधी म्हणायचं ते तिला आज पहिल्यांदा कानानं कळलं. तिनं हेडफोन काढला नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ग्रीसच्या हातानं पुसता येईनात.

विहीणबाई तिकडं पडद्याकडं बघत होती. "हिरवा झाला," ती चक्रावून म्हणाली. "इतकं ग्रीस भरल्यावर हिरवा झाला. ताई, तो शिकत होता तेव्हा याला एवढं ग्रीस होतं का?"

"छे, रोजचंच होतं," नाडीताई म्हणाली.

तोंडातून ते कसं गेलं तिलाच कळलं नाही. पाहुणे म्हणतात, केवढं केलंत, आणि आपण म्हणतो, काही नाही हो, रोजचंच, तसं गेलं. मग मात्र ते मागं घेता येईना. मागं घेतलं तर जावई पास आणि आपण पॅकिंगला.

रविवारी तिचा खराखुरा जावई यायचा होता. मुलगी-जावई गावातच राहायचे, महिन्यातून एकदा जेवायला यायचे. शनिवारपासून घरात धावपळ. भिंतीवरच्या ओलीपुढं कपाट सरकवलं. मोडक्या पायाची खुर्ची दारामागं उभी केली. गळक्या नळाला नवऱ्यानं सुतळी गुंडाळली, ती दुपारपर्यंत टिकली असती. पोपडे धरलेला टेबलाचा कोपरा फुलदाणीखाली गेला.

जावई जेवून पाय पसरून बसला आणि घरभर नजर फिरवून म्हणाला, "तुमच्याकडे बघा, कधी काही बिघडलेलं दिसत नाही. आमच्याकडे रोज काहीतरी मोडतं. नळ गळतो, खुर्ची हलते. मी हिला म्हणतो, आईकडून शीक जरा."

सासरे उगाच खाकरले. मुलगी भांडी घेऊन आत गेली. नाडीताई मागोमाग गेली तर ती मोरीपाशी उभी.

"आई, तुझ्या या झाडलोटीपायी मला घरी रोज बोलणी बसतात," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला वाटतं घर असंच असतं. मग आमचं साधं चांगलं चाललेलं घरसुद्धा त्याला बिघडलेलंच दिसतं."

नाडीताईच्या हातातलं ताट हातातच राहिलं. काय बोललीस ते पुन्हा बोल, असं ती म्हणाली. मुलगी पुन्हा म्हणाली. नाडीताई बाहेर आली, दारामागची खुर्ची ओढून जावयापुढं ठेवली आणि म्हणाली, "यावर बसू नका, पडाल. कपाटामागं ओल आहे, तीही बघून घ्या. नळाला सुतळी आहे. आमच्याकडे असं असतं."

जावई खुर्चीकडं, मग सासूकडं, मग बायकोकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून खुर्चीचा पाय हलवून बघितला. "हा तर नुसता स्क्रू सैल झालाय," तो म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

सोमवारी सकाळी ती कपडे बदलायच्या खोलीत बराच वेळ बसून राहिली. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. महिनाअखेरीला खोकं बंद, फेरी आपली. पण वरच्या पंख्यावर लाल ठिपका होता, आणि हवा ओढणाऱ्या मोठ्या पंपावरही होता. हा पंप तर तिचा लाडका, हाताला कायम गार. त्यातला कुठला लाल खरा आणि कुठला झाडलोटीचा? तिच्या तळहाताला ते सांगता येत नव्हतं. आणि तो कान खोक्यात गेला की कुणालाच सांगता येणार नव्हतं. हा प्रश्न घेऊन रोज त्याच पंपावर हात ठेवत फिरायचं, आणि ठिपक्याचं खरं कारण कधीच कळायचं नाही. पॅकिंगचं टेबल वाईट होतं. हे त्याहून वाईट वाटलं.

साहेब सकाळच्या फेरीला आले, विहीणबाई, फिटरदादा सगळे होते, तेव्हा तिनं सांगून टाकलं. ग्रीस जास्त घातलं होतं. झाकणं आवळली होती. वेग कमी ठेवला होता. "तुम्ही रोजचं दाखवा म्हणालात आणि आम्ही ठेवणीतलं दाखवलं. त्याला वाटलं हेच रोजचं. आता रोजचं दिसलं की बिचारा आजारी म्हणतो. त्याचं काही चुकलं नाही."

फिटरदादानं तिला कोपरखळी मारली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"झाकून ठेवली तर आत काय आहे ते मलासुद्धा दिसत नाही रे."

साहेब विहीणबाईकडं वळले. "मग आता?"

"पुन्हा शिकवायचं," ती म्हणाली. रागवावं की हसावं ते तिला ठरवता येत नव्हतं. "आणि या वेळी कुणी साफसफाई करताना दिसला तर मी झाडू काढून घेईन."

दुसऱ्या वेळचं शिकवणं जास्त अवघड गेलं. घाण तशीच राहू द्यायची म्हणजे लोकांना उघड्यावर बसल्यासारखं वाटायचं. झाडूवाला चोरून झाडायचा. फिटरदादा खडखडणाऱ्या झाकणाजवळून मान वळवून जायचा. नाडीताई ग्रीसगनचा दांडा मोजका दाबायची आणि लगेच हात खिशात घालायची.

मग फेरी सुरू झाली आणि लाल ठिपके गळून पडले. राहिले दोन. एक वरचा पंखा, एक हवा ओढणारा पंप.

पंख्याचं काही निघालं नाही. शेजारच्या पाइपातून बारीक वाफ सुटत होती, तिचा आवाज जावयानं पंख्याच्या नावावर घातला होता. "चुकतात, जावईसुद्धा चुकतात," फिटरदादा समाधानानं म्हणाला. मग पंपापुढं सगळे उभे राहिले. नाडीताईनं तळहात ठेवला. गार. जराही थरथर नाही. "माझ्या मते काही नाही," ती म्हणाली. "पण उघडा."

फिटरदादानं बेअरिंग काढून, धुऊन, फडक्यावर ठेवलं. बाहेरून चकचकीत. विहीणबाईनं बॅटरी धरली तेव्हा आतल्या कडीवर, गोळ्या पळतात त्या वाटेवर, एक खळगा दिसला. धान्याला किडा लागावा एवढासा.

"ताई, तुझ्या हाताला हे कळलं नव्हतं?" फिटरदादा म्हणाला.

"नाही ना," ती म्हणाली, आणि बेअरिंग तिनं डोळ्याजवळ नेलं. ती चक्क खूश होती. पहिल्यांदाच तिनं एखाद्याचं तोंड जिवंतपणी बघितलं होतं. "हे वाढलं असतं तर?"

"दोन-तीन महिन्यांत पंप बसला असता," विहीणबाई म्हणाली. "बहुधा. नक्की मलाही सांगता येणार नाही."

"सुरू कुठून झालं असेल? ग्रीसमध्ये कण गेला असेल की मी जास्त भरलं म्हणून?"

"ते मलाही बघायचंय."

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. चाचणी पास, एक तारखेपासून फेरी जावयाची, नाडीताई पॅकिंगला. तिनं खरं सांगितलं म्हणून ते तिचे आभारही मानत होते, आणि जरा ओशाळलेही होते.

"ग्रीस कोण घालणार?" तिनं विचारलं.

"जिथं जावई सांगेल तिथंच घालायचं. फिटर घालतील."

"मी नाही," फिटरदादा म्हणाला. "मला ते कानात घालून ऐकत बसणं जमायचं नाही. माझे कान आधीच बायकोनं संपवलेत."

"साहेब, मी पॅकिंगला जाते," नाडीताई म्हणाली. "पण लाल ठिपका आला की मला बोलवायचं. ग्रीस मी घालीन, कान लावून. आणि काही उघडणार असाल तर मी येईपर्यंत उघडायचं नाही."

"अहो, उघडताना तुमचं काय काम?"

"बघायचं."

"बघून काय करणार?"

नाडीताईला प्रश्नच कळला नाही. तिनं साहेबांकडं बघितलं, मग विहीणबाईकडं, कदाचित तिला कळला असेल म्हणून. "बघणार," ती म्हणाली.

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं आणि ते "बरं" म्हणाले.

पॅकिंगचं टेबल तिला वाटलं होतं तितकंच वाईट निघालं. शेजारणीची सून, तिची दाढ आणि तिचा दिराशी चाललेला वाद एवढं तिला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं. लेबलं ती वाकडी लावायची आणि त्यावरून बोलणी खायची. एका दुपारी दारात विहीणबाई उभी राहिली, गळ्यात हेडफोन, आणि नुसती म्हणाली, "लगद्याचा तिसरा पंप. पिवळ्यावरून लाल."

नाडीताईनं हातातलं लेबल शेजारणीच्या हाताला चिकटवलं आणि उठली.

"सकाळी कसा होता?" तिनं चालता चालता विचारलं. "खडी की वाळू?"

"वाळू. पण मध्ये एक ठोका येतोय. तो मला ओळखू येत नाही."

"कसला ठोका?"

"चला ना, ऐका."

दोघी टाकीच्या बाजूला वळल्या. जावई पंपापुढं पाय दुमडून बसला होता, आणि फिटरदादा पाना हातात धरून, काहीही न उघडता, वाट बघत उभा होता.